ॲक्टिव्ह करा, पण ट्विटर सांभाळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत कार ऑडिओवरचा लेख वाचला. पॅसिव्ह क्रॉसओव्हर फेकून द्या आणि सगळं ॲक्टिव्ह करा, असा त्याचा एकंदर सूर. विजापूर रोडला माझं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. असलं काही छापून आलं की काउंटरवर जळके ट्विटर (चढे, बारीक सूर वाजवणारे छोटे स्पीकर) येतात, म्हणून लिहितो.

कंपोनंट स्पीकरच्या (ट्विटर नि मोठा स्पीकर वेगळे असलेल्या सेटच्या) खोक्यात येणारी काळी डबी म्हणजे पॅसिव्ह क्रॉसओव्हर. ॲम्प्लिफायरमधून आलेला आवाज ती वाटते: चढे सूर ट्विटरला, खालचे मोठ्या स्पीकरला. आत कॉइल नि कपॅसिटर. थोडी पॉवर त्यात उष्णता होऊन जाते, हे खरं. पण ती डबी त्याच स्पीकरसाठी मोजून बनवलेली असते. ४ ओहमच्या ट्विटरला ३,००० हर्ट्झवर साधा ६ डीबीचा कट द्यायला, म्हणजे त्याखालचे सूर हळूहळू कमी करायला, साधारण १३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. तिथंच ८ ओहमचा ट्विटर जोडला की कट १,५०० वर घसरतो. म्हणून ‘जुनी डबी नव्या स्पीकरला लावून द्या की ओ’ म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो.

ॲक्टिव्हमध्ये वाटणी ॲम्प्लिफायरच्या आधीच होते. पुढच्या दोन दारांना ॲम्प्लिफायरचे चार चॅनेल लागतात, दर स्पीकरला एक. सोबत डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारा भाग) असला तर जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडता येतो; ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद, असा हिशोब. नीट लावलेल्या सिस्टीमवर भजनातले टाळ आणि पखवाज वेगवेगळ्या जागी उभे राहतात. माझ्या स्वतःच्या गाडीत ॲक्टिव्हच आहे.

पण इथं ट्विटर थेट ॲम्प्लिफायरला जोडलेला असतो. सर्व्हिसिंगला बॅटरी काढली की काही डेकची (डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टीमची) सेटिंग पुसली जातात, किंवा पोरं फिल्टरचं बटण ‘फुल’वर सरकवतात, म्हणजे खालचे सूरही ट्विटरला जातात. मग ट्विटरची नाजूक कॉइल किती वेळ टिकणार? माझ्याकडे आलेल्या गाडीत ट्विटरच्या वायरीत मी ४० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर घालतोच. ४ ओहमला तो १,००० हर्ट्झच्या आसपास कापतो, त्यामुळे वर ३,००० च्या कटला फारसा धक्का लागत नाही. किंमतही ट्विटरपुढं काहीच नाही.

नुसत्या डेकच्या पॉवरवर स्पीकर वाजवणाऱ्यांनी डबी मुळीच काढू नये. पुढच्या लेखात वायरिंगचं चित्र छापणार असाल, तर तो कपॅसिटर तेवढा दाखवा.

आपला,
एक ॲम्प्लिफायर मेकॅनिक, सोलापूर