रंकाळ्याकाठच्या सरांना, जाहीर आभार

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकाल, हे मला पक्कं माहीत आहे. पण कोल्हापुरात रविवारी सकाळी रंकाळ्यावर निसर्गचित्रं करायला जी मंडळी बसतात, ती हे पत्र कुणाला आहे ते पहिल्या ओळीत ओळखतील.

दसरा चौकात, शाहू स्मारकच्या कलादालनात माझं पहिलं प्रदर्शन नुकतंच झालं. चित्रं उतरवून घरी आणली, भिंतीला टेकवून ठेवली आणि त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घ्या" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

लग्नाआधी मी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळवलेली मुलगी होते. जी. डी. आर्ट, म्हणजे चित्रकलेची पदविका, करायचं ठरलं होतं. मग स्थळ आलं, मोठ्या घरातलं, राजकारणातलं, आणि मी 'वहिनीसाहेब' झाले. 2011 मध्ये राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना पन्नास टक्के आरक्षण आलं. पुढच्या वर्षी झेडपीला आमचा गट महिलेसाठी सुटला. घरात बैठक झाली, मला निर्णय कळवण्यात आला. फ्लेक्सवर माझा चेहरा, शेजारी त्यांचा माझ्या दुप्पट. निवडून मी आले. फोन त्यांना यायचे, फायली त्यांच्याकडे जायच्या, मी दाखवलेल्या जागी सह्या करायची. हळदीकुंकवाला मांडव पुरायचा नाही. साड्या वाटून हात दुखायचे.

घटस्फोट झाला आणि फोन वाजायचा थांबला. ज्या बायका माझ्या हातून वाण घ्यायला रांगेत उभ्या राहायच्या, त्या महाद्वार रोडवर मला बघून दुकानात शिरू लागल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या घरातली कामं त्यांच्याच दाराशी अडलेली असतात. पण ज्यांचं काहीच अडलेलं नव्हतं, त्यांच्याबद्दल मनात राग आहे आणि तो मी लपवणार नाही. एका चित्रकलेच्या क्लासने माझी फी घेतली आणि आठवड्यात परत केली. "मॅडम, आम्हाला राजकारणात पडायचं नाही." मला फक्त जलरंग शिकायचे होते. एका हॉलने प्रदर्शनाच्या ठरलेल्या तारखा आयत्या वेळी रद्द केल्या, कारणही सांगितलं नाही. एक पत्रकार मुलाखतीला घरी आले, दोन तास बसले, एकाही चित्राकडे त्यांनी मान वळवली नाही. त्यांना आतली गोष्ट हवी होती.

अशा मनाने मी त्या रविवारी रंकाळ्यावर आले. गाडी नाही, ड्रायव्हर नाही, खांद्यावर बोर्ड. काहींनी ओळखलं, कुजबुज झाली, एकाने आपलं स्टूल उचलून चार हात पलीकडे नेलं. मी कठड्याला टेकून खाली बसले आणि बॅग उघडून नुसती चाळवत राहिले.

तुम्ही शेजारी होता. तुमच्यापुढे श्रीखंडाचे दोन रिकामे डबे होते, एक ब्रश धुवायचा, एक स्वच्छ पाण्याचा. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. स्वच्छ पाण्याचा डबा उचलून माझ्या गुडघ्यापाशी ठेवला आणि आपला ब्रश गढूळ पाण्यात बुडवून तसंच काम करत राहिलात. त्या सकाळी तुमचं आभाळ राखाडी झालं. मागून कुणीतरी विचारलं, "सर, आभाळ मळलं काय?" तुम्ही म्हणालात, "आज आसंच हाय आभाळ," आणि खाली सही केलीत.

सर, तुम्ही नंतर मला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, कसा सोडायचा ते शिकवलं, कागद ओला कधी ठेवायचा, थांबायचं कधी, ते सगळं शिकवलं. पण मी चित्रकार झाले ती त्या डब्यामुळे. मी वहिनीसाहेब असताना लोक उठून उभे राहायचे, नंतर पाठ फिरवू लागले. पाणी सरकवून आपल्या कामाला लागणारा माणूस मला आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा भेटला.

मांडवातल्या बायकांचं चित्र मी तुम्हाला घाबरतच दाखवलं होतं. सतरंजीवर बसून नेत्यांची वाट बघणाऱ्या बायका, स्टेजवरून मी वर्षानुवर्षं बघितलेल्या. दुसऱ्या कुणी विचारलं असतं, हा मांडव त्यांच्याच सभेचा का? तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "ताई, सावली निळी कशापायी? मांडवाचं कापड लाल-पिवळं हुतं न्हवं?" खरंच, रंगीत कापडाखाली सगळ्यांचे चेहरे नारिंगी दिसायचे, पांढऱ्या पदरावरसुद्धा ती झाक यायची. मला ते आठवत होतं, पण मी पाहिलेलं सोडून पुस्तकातली सावली रंगवली होती. प्रदर्शनात लोक सगळ्यात जास्त वेळ थांबले ते त्या चित्रापुढे, तुम्ही पाहिलंत.

आणि कोटितीर्थ तळ्यावरची ती सकाळ. तुम्ही आबालाल रहिमानांची गोष्ट सांगत होता. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. 1922 मध्ये महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रं याच तळ्यात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. मी गप्प बसले. तुम्ही जरा वेळाने म्हणालात, "1931 ला गेले ते. मधली नऊ वर्सं माणूस जगलाच की. त्याचं कुणी इचारत न्हाई." मला त्या दिवशी रडू आलं, आणि तुम्ही मुद्दाम पलीकडच्या झाडाचं रेखाटन काढायला निघून गेलात.

प्रदर्शनाला तुम्ही तिन्ही दिवस आलात, शेवटच्या खुर्चीवर बसलात. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर मला खूप सल्ले मिळाले होते. मी कुणालाच बोलावलं नाही. खरं तर तुमच्याच हातून समई लावायची होती, पण तुम्ही हात जोडून नाही म्हणालात.

चांगुलपणावर मोठी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत, काही लिहूनही दिली आहेत. तुम्ही आयुष्यभर हायस्कूलच्या पोरांना फळ्यावर कुंडी आणि फुलपात्र काढायला शिकवलंत, निवृत्त झालात, आणि अजूनही जो शेजारी येऊन बसेल त्याला पाणी देता. त्याचं नाव, गाव, पक्ष विचारत नाही. या गावात अशी माणसं अजून आहेत, म्हणून मी इथंच राहिले. पुण्याला भावाकडे जायची सगळी तयारी झाली होती.

या पत्रात तुमची इच्छा मी पाळली. पुढच्या प्रदर्शनाच्या पत्रिकेवर मात्र 'गुरू' म्हणून तुमचं पूर्ण नाव छापणार आहे. तेवढ्याला नाही म्हणू नका.

तुमची विद्यार्थिनी