त्या फाईलबद्दल, बापू

जळगाव, १२ जानेवारी

प्रिय बापू,

दिवाळीच्या तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, शिव्या देऊन घे. साखर ठीक, गुडघे आहेत तसेच. वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? आणि पोरीच्या नोकरीचे पेढे तू गिळलेस, हे मी विसरलेलो नाही.

गेल्या मंगळवारी वर्गात रणजित ठाकूर खटला शिकवत होतो. १९८७चा, सुप्रीम कोर्टाचा. लष्करातला सिग्नलमन, साहेबाविरुद्ध वर तक्रार केली म्हणून २८ दिवस आत. तिथं जेवायला नकार दिला, हुकूम मोडला म्हणून समरी कोर्ट मार्शल, म्हणजे युनिटचा साहेब एकटाच चालवतो तो झटपट लष्करी खटला. एक वर्ष कैद आणि बडतर्फी, आणि न्याय करायला बसला तोच साहेब! कोर्टानं सगळं रद्द केलं. हे मी कामठीला, लष्करी कायद्याच्या संस्थेत, इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन. पोरं खूश. मला ‘कर्नल सर’ म्हणतात, मी वर्गात शिरलो की परेडसारखी उभी राहतात. किती वेळा सांगितलं, बसा रे.

मागच्या बाकावरून रावेरची एक पोरगी उठली. बाप केळीच्या ट्रकवर हमाल. म्हणाली, “सर, अशा खटल्याचा कागद वर जातो तेव्हा तुमच्या खात्याचा, लष्कराच्या कायदा विभागाचा, माणूस तपासतो ना? मग यावर कुणाची सही होती?”

मोठ्या कोर्ट मार्शलात सगळ्यांत कनिष्ठाचं मत आधी का विचारतात, म्हणजे वरिष्ठांचं ऐकून तो दबू नये, हे मीच त्यांना आदल्या तासाला शिकवलं होतं. घे आता.

मी म्हटलं, पुढच्या तासाला बोलू. आणि स्टाफरूममध्ये येऊन बसलो तो १९९६चा तो पोरगा, तो जवान, डोळ्यांपुढे. तुला नाव सांगायची गरज नाही. रजेवरून ४१ दिवस उशिरा आला, आई आजारी. त्याचंही समरी कोर्ट मार्शल. सकाळी ११ला खटला सुरू, ११.२५ला संपला. ‘गुन्हा कबूल’ असं टाइप केलेलं, त्याखाली त्याची सही नाही. फाईल तपासायला माझ्याकडे आली, तेव्हा मी ती मोकळी जागा पाहिली होती, बापू. बोट ठेवून पाहिली होती. तरी लिहिलं, “कार्यवाहीत कायदेशीर दोष नाही.” तीन महिने आणि बडतर्फी. आर्मी ॲक्टचं कलम १६२ होतं, शिक्षा कमी करा असं वर सुचवता आलं असतं. सुचवलं नाही. त्या आठवड्यात माझ्या बदलीचा कागदही त्याच टेबलावर होता, हे आजवर तुलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तू त्याचा ‘फ्रेंड ऑफ द अक्यूज्ड’, खटल्यात आरोपीच्या मदतीला दिलेला अधिकारी. मेसमध्ये माझ्या ताटातलं भरीत उचलून नेलंस आणि म्हणालास, “याला खायचा हक्क नाही.” मी आठ महिने तुझ्याशी बोललो नाही. तेव्हा वाटलं, इन्फंट्रीवाल्याला कायदा काय कळतो! (भरीत मात्र आजही तुझ्यापेक्षा मीच चांगलं करतो. इथली वांगी आहेत, तुझी नव्हेत.)

तेव्हा लष्कराबाहेर दाद मागायची तर हायकोर्टासारखं मोठं कोर्टच, सैनिकांसाठीचं ट्रायब्युनल २००९ला सुरू झालं. हायकोर्टात जायला पैसे कुठले?

त्याच्या गावाचा पत्ता तुझ्या जुन्या डायरीत होता. आहे का अजून? फोन करू नकोस, फोनवर मी काहीतरी विनोद करून विषय बदलेन. पोस्टकार्डावर लिही. माझा पुढचा तास गुरुवारी आहे.

तुझा,
नाना