यादीतून औषध गळाले तर?

महोदय,

अमेरिकेतल्या मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या ‘पार्ट डी’ योजनेत औषधांसाठी पदरच्या खर्चाला २०२५पासून वर्षाला २००० डॉलरची मर्यादा आली (२०२६साठी २१००). इथले मराठी ज्येष्ठ त्यावर खूश आहेत. पण खरी मेख विमा कंपनी कोणत्या औषधांचा खर्च उचलते, त्या यादीत आहे. कंपनीने यादीतून वगळलेल्या औषधाचा खर्च या मर्यादेत धरलाच जात नाही. बदलांची सूचना सप्टेंबरअखेरपर्यंत येते; जाडजूड पाकीट, बारीक अक्षर, बहुतेकदा थेट रद्दीत! योजना बदलायला मात्र १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर एवढीच मुदत. तेव्हा मुलांनी आईवडिलांच्या गोळ्या नव्या यादीशी ताडून पाहाव्यात. औषध गळालेच, तर ते यादीबाहेरचे औषधही विम्यात धरावे म्हणून कंपनीकडे अपवादाचा अर्ज करता येतो. डॉक्टरांचे निवेदन मिळाल्यावर कंपनीला ७२ तासांत निर्णय द्यावा लागतो.

– एक वाचक, न्यू जर्सी