टायजीच्या चौकटीतला कंस दुरुस्त करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आरोग्य पुरवणीत हृदयरोग्यांसाठी टायजी इंडेक्सची, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही (इन्सुलिन रेझिस्टन्स) याचा अंदाज देणाऱ्या आकड्याची, जी चौकट छापलीत ती आधी दुरुस्त करा, बाकीचं मग बोलू. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि चौकट आल्यापासून काउंटरवर लोक मोबाईल पुढे धरून उभे राहतायत, माझा आकडा नऊच्या आसपास येतोय आणि पेपरात ४.६८ च्या वर धोका लिहिलंय मग आता माझं काय. काका, कंस चुकलाय, बाकी काही नाही, असं सांगितलं तरी पटत नाही कुणाला, कारण छापून आलंय ना.

झालंय असं की हा इंडेक्स दोन तऱ्हेने काढतात. दोन्हीत फास्टिंग ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि फास्टिंग शुगर मिलिग्रॅममध्ये घ्यायची आणि गुणाकार करायचा, इथपर्यंत सारखंच. मग काहीजण गुणाकाराला आधी २ ने भागतात आणि नंतर नॅचरल लॉग (कॅल्क्युलेटरवरचं ln) काढतात, त्यांचं उत्तर ८-९ च्या घरात येतं, आणि काहीजण आधी लॉग काढून मग २ ने भागतात, त्यांचं ४-५ च्या घरात. ट्रायग्लिसराइड १५० आणि शुगर १०० असेल तर पहिल्या हिशोबाने ८.९२ आणि दुसऱ्याने ४.८१, माणूस एकच, रक्त एकच. तुमच्या चौकटीत सूत्र पहिलं छापलंय आणि मर्यादा दुसऱ्या हिशोबाची. त्या सूत्राने ४.६८ च्या खाली यायचं म्हटलं तर शुगर ९० असलेल्या माणसाचं ट्रायग्लिसराइड अडीचच्याही खाली पाहिजे, अडीचशे नाही हो, अडीच! असा रिपोर्ट आला तर आम्ही मशीन तपासायला घेऊ. ४.६८ चं पहिल्या हिशोबात रूपांतर केलं तर ८.६७ येतात, दुप्पट करून ०.६९ वजा, बस.

हा घोळ काही तुमच्या पुरवणीने जन्माला घातलेला नाही हेही खरं. मेक्सिकोतल्या ज्या गटाने २००८ मध्ये हा इंडेक्स मांडला आणि २०१० मध्ये रेझिस्टन्स थेट मोजणाऱ्या क्लॅम्प टेस्टशी ताडून बघितला त्यांच्याच लेखात सूत्राचा कंस एका जागी आणि आकडे दुसऱ्या हिशोबाचे असं होऊन बसलं, आणि तेव्हापासून दोन्ही चाललेत. पण डॉक्टर लोक ते सांभाळून घेतात, घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्या, आधीच एक स्टेंट पडलेल्या माणसाने कसं सांभाळायचं.

आता चौकटीच्या वरच्या लेखाबद्दल. विषय घेतलात ते चांगलंच केलंत कारण हृदयरोग्याची शुगर नॉर्मल म्हणून फाईल मिटली जाते हे खूप वेळा होतं. स्वीडनमध्ये २००२ साली हार्ट अटॅक येऊन गेलेल्या, डायबेटिस नसलेल्या १८१ पेशंटची ग्लुकोज पाजून टेस्ट केली होती, तर घरी जाताना ३५ टक्क्यांना ग्लुकोजची बिघडलेली सहनशक्ती म्हणजे प्रीडायबेटिसचा प्रकार निघाला आणि ३१ टक्क्यांना चक्क डायबेटिसच, तोपर्यंत कुणालाच माहीत नसलेला. याचं कारण असं की इन्सुलिन रेझिस्टन्स सुरू झाल्यावर स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून बरीच वर्षं शुगर जागेवर ठेवतं, त्यामुळे फास्टिंग शुगर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) दोन्ही सरळ दिसतात आणि आत मात्र लिव्हर चरबी बाहेर ढकलत असतं, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड कमी पडत असतं, किडनी मीठ धरून ठेवत असते. हृदयाच्या स्नायूलाही ग्लुकोज नीट उचलता येत नाही, तो फॅटी ॲसिडवर आणखी अवलंबून राहतो आणि तेवढ्याच कामाला ऑक्सिजन जास्त लागतो. ज्याच्या धमन्या आधीच अरुंद आहेत त्याला ही जादा मागणी परवडणारी नाही.

म्हणून रेझिस्टन्स आधीच दाखवणारे मार्कर, म्हणजे खुणेचे आकडे, शोधले जातात. खरी टेस्ट म्हणजे क्लॅम्प, दोन्ही हातात सुया, एकीकडून इन्सुलिन आणि ग्लुकोज, कित्येक तास, ती संशोधनापुरतीच. मग १९८५ चं होमा, फास्टिंग शुगर गुणिले फास्टिंग इन्सुलिन भागिले ४०५. दिसायला सोपं पण लॅबवाल्यांना विचारा. इन्सुलिनच्या टेस्टमध्ये कंपनीकंपनीत फरक येतो, सॅम्पल हिमोलाइज झालं म्हणजे त्यातल्या रक्तपेशी फुटल्या की इन्सुलिन तुटतं आणि आकडा खोटा कमी येतो, आणि जो पेशंट इन्सुलिनचं इंजेक्शन घेतो त्याच्या बाबतीत तर होमाला काही अर्थच उरत नाही. एका लॅबचा होमा दुसऱ्या लॅबच्या होमाशेजारी ठेवून वाढलं की घटलं ठरवणारे लोक रोज बघते मी. टायजी आवडतो तो यासाठी की त्यात इन्सुलिन लागतच नाही, दोन्ही आकडे लिपिड प्रोफाइल आणि फास्टिंग शुगरच्या रिपोर्टात आधीपासून पडलेले असतात. ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) हाही तसाच फुकटचा मार्कर.

आणि भविष्याचं म्हणाल तर संबंध आहे, नाकारायचा प्रश्नच नाही. अँजिओप्लास्टी झालेल्या किंवा जुना कोरोनरी आजार असलेल्या पेशंटच्या अभ्यासांत ज्यांचा टायजी जास्त त्यांना पुढे अटॅक, पुन्हा ब्लॉकेज वगैरे जास्त झालं असं बऱ्याचदा दिसलंय, यातले बरेचसे अभ्यास जुन्या फायली काढून केलेले आहेत एवढं लक्षात ठेवायचं. प्युअर नावाचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला, २२ देश, १ लाख ४१ हजारांच्या वर लोक, तेरा वर्षांच्या आसपास पाठपुरावा. त्यात टायजीच्या वरच्या एक तृतीयांशात असलेल्यांना खालच्या एक तृतीयांशाच्या तुलनेत मृत्यू किंवा हृदयविकाराचा मोठा प्रसंग यांचा धोका २१ टक्के जास्त निघाला. तुमच्या लेखात हेच २१ टक्के आलेत पण असे की वाचणाऱ्याला वाटावं शंभरातले एकवीस जाणार. शंभरात दहा जणांना काही होणार असेल तर ते साधारण बारा होतील असा त्याचा अर्थ. शिवाय ते सर्वसामान्य वस्तीतले लोक होते, हृदयरोगी निवडून घेतलेले नव्हते, हे वाक्य लेखात कुठेच नाही.

हार्ट फेल्युअरचं तर अजून वेगळं आहे आणि त्याला लेखात दोन ओळी, त्याही तशाच धावत्या. तिथे रेझिस्टन्स दोन्ही बाजूंनी चालतो, रेझिस्टन्समुळे हृदय थकतं आणि थकलेल्या हृदयामुळे शरीर ॲड्रेनलिनसारखी रसायनं सोडत राहतं, त्याने रक्तात फॅटी ॲसिड वाढतं आणि रेझिस्टन्स आणखी वाढतो. २००५ च्या एका अभ्यासात शिरेतून ग्लुकोज देऊन नीट मोजणी केली होती आणि ज्यांची इन्सुलिन संवेदनशीलता कमी ते हार्ट फेल्युअरचे पेशंट जास्त दगावले, बाकीच्या माहीत असलेल्या कारणांचा हिशोब केल्यावरसुद्धा. पण ती मोजणी वेगळी आणि टायजी वेगळा. आजार खूप पुढे गेला की पेशंट वाळत जातो, खाणं सुटतं, चरबी आणि कोलेस्टेरॉल खाली येतं, तेव्हा कमी आकडा हे चांगलं लक्षण नसतं. अशा माणसाचा टायजी छान आलाय म्हणून घरच्यांनी निर्धास्त व्हायचं का? आणि फेनोफायब्रेट हे ट्रायग्लिसराइडचं औषध सुरू केलं की ट्रायग्लिसराइड उतरतं आणि त्यासोबत टायजी पण, म्हणजे रेझिस्टन्स तेवढाच गेला असं नाही.

उपचारांबद्दल जे लिहिलंत त्यात एक गोष्ट मला धोक्याची वाटली. रेझिस्टन्स कमी करणाऱ्या पायोग्लिटाझोन या डायबेटिसच्या गोळीचं कौतुक आहे, आणि ते निराधार नाही, २०१६ च्या आयरिस चाचणीत स्ट्रोक किंवा मिनी स्ट्रोक झालेले, डायबेटिस नसलेले पण होमा ३ च्या वर असलेले ३८७६ लोक होते, गोळी घेणाऱ्यांत पुन्हा स्ट्रोक किंवा अटॅक ९ टक्क्यांना आणि न घेणाऱ्यांत ११.८ टक्क्यांना. पण ती गोळी अंगात पाणी धरते, वजन वाढवते, हाडं मोडण्याचं प्रमाणही वाढलं होतं, आणि हार्ट फेल्युअरवाल्याला ती देत नाहीत. त्या चाचणीत असे पेशंट घेतलेच नव्हते. हृदयरोग्यांच्या लेखात हे न लिहिणं म्हणजे फारच झालं. उलट डापाग्लिफ्लोझिन या मूळच्या डायबेटिसच्या गोळीच्या २०१९ च्या चाचणीत ४७४४ हार्ट फेल्युअरवाले होते, निम्म्याहून जास्त लोकांना डायबेटिस नव्हता, आणि फायदा दोघांनाही झाला, म्हणजे तिथे गोळी सुरू करायला डॉक्टरला टायजी किंवा होमा काढायची गरजच पडत नाही. टायजी बघून उपचार बदलले आणि पेशंट जास्त जगले असं दाखवणारी चाचणी तुमच्या लेखातही नाही, तरी हेडिंग भविष्य सांगणाऱ्या आकड्याचंच.

मला विचाराल तर या आकड्याचा उपयोग एवढाच की शुगर नॉर्मल पण ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली आणि पोट पुढे असं दिसलं तर हृदयाच्या डॉक्टरांना एकदा विचारावं, माझी ग्लुकोज पिऊन होणारी टेस्ट करायची का, चालण्याचं आणि वजनाचं काय करू. दर महिन्याला इंडेक्स काढून वहीत लिहिण्यात काही नाही, ट्रायग्लिसराइड आदल्या रात्रीच्या जेवणाने पण हलतं. आणि काढायचाच असेल तर आठ ते बारा तास उपाशी राहून दिलेल्या रक्ताचाच काढा, शुगरची ट्यूब फ्लोराइडची (शुगर टिकवून धरणारी) नसेल आणि सॅम्पल तासभर तसंच पडून राहिलं तर शुगर पाच-सात टक्क्यांनी उतरते. रिपोर्ट मिलिमोलमध्ये असेल तर हे सूत्र तसंच्या तसं लावू नका, उत्तर भलतंच येईल.

चौकट दुरुस्त करून छापाल तेव्हा सूत्र कुठलं आणि मर्यादा कुठल्या सूत्राची हे एकाच ओळीत द्या, सोबत १५० आणि १०० चं उदाहरण सोडवून द्या. आणि कृपया आतल्या पानावर कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा नको, त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच आकारात छापा, कारण लोकांनी जुनी चौकट कापून रिपोर्टच्या फाईलला स्टेपल केलेली आहे, त्यावर ही चिकटवता आली पाहिजे.

आपली,
एक वाचक, लॅब टेक्निशियन