विहिरीच्या भांडणावरनं आई-बाबांना

आई, बाबा,

जयभीम. फोनवर हे बोलायला गेलं की बाबा म्हणतात तुला तिथं पुण्यात बसून काय कळतंय, आणि विषय परत तात्यांच्या कुलपावर जातो, म्हणून निवांत लिहितीय. बाबा, चष्मा लावा आणि पूर्ण वाचा, अर्ध्यात मोबाईल ठेवून देऊ नका.

तात्यांनी स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं ते चुकीचंच केलं. विहीर सामाईक, पाळी आपली, थ्री फेज लाईट रात्रीची, तुम्ही बॅटरी घेऊन त्या अंधारात रानात गेलात आणि पेटी बंद, वर त्यांनी चारचौघात नको ते बोलूनही घेतलं. राग येणारच, मलाही आला. पण आता म्हैसाळ योजनेच्या कालव्याचं पाणी सुटलं, बाग भिजली, कुलूपही निघालं, तरी व्हिडिओ कॉलवर तुम्ही तीच गोष्ट पहिल्यापासून सांगता, सांगताना अंगठा खुर्चीच्या हातावर घासत असता, आवाज चढतो आणि आई मागनं विचारते बीपीची गोळी घेतली का. तात्या तेव्हा तिकडं जेवून झोपलेले असतात हो!

वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, विहारात बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचायला तुम्हालाच बसवतात. रोहिणी नदीचं प्रकरण आठवतंय ना? शाक्य आणि कोलीय, दोघांची शेती त्या एकाच नदीवर, पाणी आधी कुणी घ्यायचं यावरनं हाणामारी, आणि कोलीय म्हणजे सिद्धार्थाच्या आईच्या, महामायेच्या माहेरची माणसं, म्हणजे भाऊबंदकीच की. शाक्यांचा सेनापती त्यांच्या संघाच्या सभेत युद्धाचा ठराव मांडतो तेव्हा 28 वर्षांचा सिद्धार्थ उभा राहून सांगतो की पहिली आगळीक आपल्या माणसांनी केली असं कळतंय, तर आपणही निर्दोष नाही. मग म्हणतो दोन माणसं आपली घ्या, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी वाद मिटवावा. मतदानात तो हरला, आणि बाबासाहेबांच्या मांडणीत घर सोडायची वेळ त्याच्यावर त्यातूनच आली. मला यातलं सगळ्यात काय पटतं सांगू? पाण्याचा हक्क सोडून द्या, गप्प बसा, असं तो कुठंच म्हणत नाही. लोकांना वाटतं बुद्ध म्हणजे सगळं सहन करा. तसं नाहीये ते.

राहिलं तात्यांचं बोलणं. राजगृहाला वेळुवनात एक भारद्वाज ब्राह्मण बुद्धांना शिव्या देत आला होता. बुद्धांनी विचारलं, तुझ्याकडं पाहुणे येतात का, त्यांना जेवायला वाढतोस का, आणि त्यांनी नाही घेतलं तर ते कुणाचं राहतं? तो म्हणाला, माझंच. बुद्ध म्हणाले, मग ह्या शिव्याही मी घेत नाही, तुझ्या तुझ्याकडंच राहू देत. तुम्ही मात्र तात्यांनी वाढलेलं ताट घेतलंय आणि रोज गरम करून खाताय. (हसा थोडं.)

आता राग येऊ द्यायचाच नाही असं कुणाला जमतं? मला तर नाही. सतिपट्ठानात, म्हणजे मनाकडं सजग राहून बघायच्या बुद्धांच्या उपदेशात, एवढंच सांगितलंय की मनात द्वेष असेल तर द्वेष आहे हे नीट ओळखायचं. म्हणजे अंगठा घासायला लागला की ‘राग आलाय’ असं मनात म्हणायचं, तात्यांचा विचार बाजूला ठेवून छातीत काय होतंय, श्वास कसा चाललाय तेवढंच बघायचं, राग वाढतो तसा उतरतोही. गोळी मात्र चालूच ठेवायची, हे त्याच्या बदल्यात नाही.

आई, तू काहीच बोलत नाहीस त्याचीच मला जास्त काळजी वाटते. काकीशी गिरणीत चोरून बोलायचं आणि घरी आल्यावर आपण काही गुन्हा केला असं तोंड करायचं, कशाला? वैर वैरानं शमत नाही ही गाथा आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे, मग काकीशी उघड बोल की. आणि मैत्रीभावना करताना, सगळ्यांचं भलं होवो असं मनात म्हणताना, सगळ्यांची नावं घेतेस आणि स्वतःला विसरतेस. आधी स्वतःसाठी, मग जवळच्यांसाठी, मग ज्यांच्याशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी आणि वैऱ्याचा नंबर शेवटी, असा क्रम आहे, म्हणून तात्यांपासून सुरुवात केलीस तर जमणार नाही, उगंच रडू येईल.

तर बाबा, माझं म्हणणं इतकंच की पाच माणसं बसवा. आपल्याकडनं मामा आणि विहारातले गुरुजी, तात्यांकडनं त्यांना हवे ते दोघं, पाचवा त्या चौघांना ठरवू द्या. पाळीचे वार, मोटरच्या दुरुस्तीचा खर्च, पेटीच्या दोन किल्ल्या, सगळं कागदावर घ्या आणि दोघांच्या सह्या करा. निरोप तुम्ही पाठवायचा नसेल तर मी काकीला फोन करते, ती तात्यांच्या कानावर घालेल. रविवारी मी फोन करीन तेव्हा फक्त करू का नको ते सांगा, आणि आई, तेव्हा फोन स्पीकरवर ठेव.

तुमची,
माई