तज्ज्ञांच्या बैठकीत वाहकही बसवा

महोदय,

भविष्यातल्या वाहतूक धोरणावर तज्ज्ञांशी सल्लामसलत होते, तेव्हा ई-बस, मेट्रो, अ‍ॅप एवढंच ऐकू येतं. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने गाड्यांपेक्षा माणसांना प्राधान्य दिलं, पण ते शहरांपुरतं. संध्याकाळी बीड जिल्ह्यातल्या केजकडच्या एखाद्या फाट्यावर उभं राहून बघा. एसटीची मुक्कामी गाडी चुकली की कॉलेजच्या पोरी काळीपिवळीत दाटीवाटीने, दप्तरं टपावर. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, चांगलंच आहे. पण गाडीच नसेल तर सवलत घ्यायची कशात? ई-बस जरूर आणा, मात्र चार्जिंग तालुक्याच्या आगारात हवं. आणि कुठलीही फेरी बंद करण्याआधी ग्रामसभेला विचारणं बंधनकारक करा.

– एक निवृत्त वाहक, अंबाजोगाई