मुलगा तेरा वर्षांचा झाला, हा माझा अपराध

प्रति,
माननीय मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहा वाजता मी मुलाला घेऊन जिल्ह्याच्या गावातील सखी केंद्रात, म्हणजे हिंसापीडित महिलांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात पोहोचले. १८१ या महिला हेल्पलाइनवर ‘ताई, या, सोय होईल’ असे सांगितले होते. सोय झाली, पण माझ्या एकटीची. मुलींना वयाची अट नाही, मुलगा मात्र लहान असेल तरच आईजवळ राहू शकतो. नवऱ्याच्या मारापासून मला वाचवायला मध्ये पडल्यामुळे ज्याच्या गालावर वळ उठले होते, तो माझा १३ वर्षांचा मुलगा आपल्या नियमाने त्या रात्री परपुरुष ठरला. भावाने येऊन त्याला नेले. पाच दिवसांनी माझीही मुदत संपली.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुमचा हक्क कसला, असे मला पोलीस ठाण्यात ऐकवण्यात आले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने राहण्याचा हक्क दिला आहे आणि घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी तो मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे, हे मी सांगितल्यावर साहेबांनी पंखा वाढवला. अर्थात हक्क मिळाला तरी त्या घरात डोळा कोणाच्या भरवशावर मिटायचा? त्याच कायद्यात वेगळ्या घराचे भाडे नवऱ्याकडून देवविण्याची तरतूद आहे आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असेही लिहिले आहे. माझ्या अर्जाला १४ महिने झाले, ११ तारखा पडल्या. राहायला दुसरी जागा नसल्याने हे सगळे महिने मी त्याच घरात काढले, आणि मंगळवारची रात्र त्यातूनच आली.

केंद्रात मी खाटा मोजल्या, पाच होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की राज्यात लग्न झालेल्या साधारण चौघींतील एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. बाकीच्या कोठे झोपतात, हे आपल्या विभागाने कधी विचारले आहे काय? बहुधा नसावे, कारण परत गेलेली बाई कागदावर ‘समेट’ म्हणून जमा होते आणि सगळ्यांचीच फाईल बंद होते.

मी आपली लाडकी बहीणही आहे. दरमहा १५०० रुपये मिळतात, त्याबद्दल आभार. मात्र येथे एका खोलीसाठी ३०,००० रुपये डिपॉझिट मागतात, म्हणजे ओवाळणीचे वीस महिने. आणि त्याआधी घरमालक विचारतो, ‘मिस्टर कोठे असतात?’ रेशनकार्ड, वीजबिल, मुलाचा दाखला, सारे त्या घराच्या कपाटात राहिले आहे.

मला आधारगृहाची खाट नको. डिपॉझिट आणि सहा महिन्यांचे भाडे शासनाने भरावे व नंतर नवऱ्याकडून वसूल करावे. मुलाला आईपासून तोडणारी वयाची अट काढावी. या कायद्याखाली पीडितेच्या मदतीसाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला दुसरे काम देऊ नये. आमच्याकडचे साहेब आणखी दोन पदांचा भार सांभाळतात, म्हणून तारखेला येत नाहीत.

येत्या सोमवारी बारावी तारीख आहे. तोपर्यंत मी बहिणीकडे आणि मुलगा मामाच्या दुकानाच्या माळ्यावर आहे. त्याची सहामाही परीक्षा त्याच दिवशी सुरू होते.

आपली,
एक अर्जदार